हरवलेली पितळी चकती

एकदा एक नवा अभियंता शेंगा फोडण्याचे यंत्र घेऊन एका वृद्ध प्राध्यापकांच्या दारात उभा राहिला. तो बुधवार होता की गुरुवार, हे प्राध्यापकांना पुढे कधीच खात्रीने सांगता आले नाही. त्या दिवशी यंत्राचे सुटे भाग आपण टेबलावर मांडले होते की आरामखुर्चीच्या रुंद हातांवर, हेही त्यांना नीट आठवत नसे. तरुण काय मागायला आला होता, ते मात्र शब्दशः आठवत होते.

"सर, दोन ओळींचं शिफारसपत्र द्या फक्त. तुम्ही डॉक्टरेट. तुमच्या सहीला वजन आहे."

प्राध्यापक संकोचाने हसले. छत्तीस वर्षे यंत्ररचना शिकवूनही आपल्या सहीवर त्यांचा स्वतःचा तेवढा भरवसा नव्हता.

तरुणाचे नाव श्रीशैल. मेकॅनिकलची पदवी प्रथम श्रेणीत घेऊन त्याला सात महिने झाले होते. या काळात तीन मुलाखती झाल्या आणि तिन्ही एकाच ठिकाणी अडल्या. "शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही नेमकं काय केलंत?" असे कोणी विचारले, की त्याची जीभ टाळ्याला चिकटे; दोष तो आपल्या इंग्रजीला देई. आता शेतीची अवजारे बनवणाऱ्या एका कारखान्याचे बोलावणे आले होते, पुढच्या शनिवारचे. तिथेही जमले नाही, तर एक तारखेपासून मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसायचे, असे घरात ठरले होते.

"मामा म्हणतो, मोबाइलची काच बदलायला शिक, तेही इंजिनिअरिंगच आहे," श्रीशैल म्हणाला. हसण्याचा प्रयत्न त्याला साधला नाही.

पत्रासाठी त्याचा फोन आला, तेव्हाच प्राध्यापकांनी सांगितले होते, येताना प्रोजेक्टही घेऊन ये. चौघांच्या गटातले तिघे केव्हाच पांगले होते आणि यंत्र श्रीशैलच्या माडीवर पडून होते. लखलखीत हिरवा रंग, बाजूला हँडल, आत फिरणारी दांडी आणि तिच्याखाली अर्धगोल चाळण.

"कुठल्या दुकानातून घेतलंत?" प्राध्यापकांनी विचारले.

"घेतलं नाही सर, म्हणजे आम्ही चौघांनी मिळून..."

"श्रीशैल, मी दुकानाचं नाव विचारतोय."

तो खाली बघू लागला. "कॉलेजच्या मागे आहे सर. सगळेच तिथून घेतात. रिपोर्टसकट मिळतं."

प्राध्यापक रागावले नाहीत. तो हिरवा रंग पाहून त्यांच्या मनात काहीतरी सलू लागले होते. निवृत्तीनंतरही त्यांना बाह्य परीक्षक म्हणून बोलावणे येई. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एका दिवसात एकोणीस की एकवीस प्रोजेक्ट तपासले होते.

"याला गुण किती मिळाले होते रे?"

"पन्नासपैकी सेहेचाळीस. तुम्हीच दिले होते सर. हँडल फिरवलंत आणि म्हणालात, छान फिरतंय."

प्राध्यापक उठले. त्यांनी कपाटातून नट-बोल्ट सोडवायचे पाने काढले आणि यंत्र खोलायला सुरुवात केली.

"सर, काय करताय? शनिवारी मुलाखत आहे!"

नट सुटले, बोल्ट सुटले, हँडल निघाले, चाळण निघाली. तासाभरात यंत्राचे यंत्रपण संपले. प्राध्यापकांनी सगळे भाग एका पोत्यात भरले आणि पोते त्याच्यासमोर ठेवले.

"पत्र देत नाही. हे जोडून आण."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला सांग. मग मीही माझ्या सेहेचाळीस गुणांचं काय करायचं ते बघतो."

श्रीशैल चहा न घेताच निघून गेला.

पुढचे दिवस प्राध्यापकांना जड गेले. मुलाच्या हाताशी आलेली एकुलती एक संधी आपण पोत्यात बांधली की काय, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. शिफारसपत्र त्यांनी दोनदा लिहिले आणि दोनदा फाडले.

चौथ्या दिवशी फोन आला.

"सर, चाळणीची चकती सापडत नाही. एका बाजूला बिजागरी आहे, दुसऱ्या बाजूला चाळण बोल्टवर लटकते ना, तिथली. चकती जेवढी जाड तेवढी चाळण दांडीपासून लांब राहते. रिपोर्टच्या चित्रात पितळी दिसतेय, पण माप दिलेलं नाही."

प्राध्यापकांनी टेबलाखाली पाहिले, खाटेखाली पाहिले, स्वयंपाकघरातही पाहून आले. "माझ्याच हातून हरवली असणार रे. माफ कर."

 पलीकडून श्रीशैल हसला. "कळलं सर."

"काय कळलं?"

"मुद्दाम ठेवून घेतलीत. माझी मी करावी म्हणून."

"अरे नाही, नाही, खरंच हरवली..."

फोन बंद झाला होता.

शुक्रवारी सकाळी तो यंत्र घेऊन आला. डोळे तारवटलेले, बोटांना ग्रीस, पण बोलणे धो धो.

"सर, चकतीशिवाय जोडलं, तर दांडी चाळणीला घासायला लागली. मग दुकानदाराला विचारलं, चकती किती जाड घालता? तो म्हणाला, जी हाताला लागेल ती. शेंगा कोण टाकतंय त्यात! मग मी घरातले वॉशर एकावर एक रचून बघत बसलो. सहा मिलिमीटरला नुसतं कूट. सात-आठला निम्मे दाणे फुटतात. दहाला शेंगा तशाच खाली. नऊला अख्खे दाणे!"

"किती शेंगा लागल्या?"

"दोन किलो. आईनं त्याचं कूट करून ठेवलंय. चार दिवस भाजीत कूट, आमटीत कूट. बाबा म्हणाले, नोकरी नाही लागली तरी चालेल, पण आता शेंगा आवर."

मग चकती कातायला तो शेजारच्या वर्कशॉपवाल्या दस्तगीरचाचांच्या लेथवर गेला होता. चाचांनी आधी त्याची भरपूर थट्टा केली. "इंजिनिअरसाहेब, लेथचा फोटो बघितलाय की लेथ?" दोन चकत्या त्याने बिघडवल्या, तिसरी जमली. ती त्याने बोल्टवरून काढून प्राध्यापकांच्या हातावर ठेवली. कडा किंचित ओबडधोबड होती. पुन्हा बसवल्यावर प्राध्यापकांनी मूठभर शेंगा टाकल्या आणि हँडल फिरवले. गुलाबी दाणे टपटप खाली पडले, बहुतेक अख्खे.

त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि मग ते बोलले.

"दुकानदारानं हँडल फिरवलं. तुम्ही चौघांनी फिरवलं. मी परीक्षक, मीही फिरवलं आणि सेहेचाळीस गुण दिले. शेंग एकानंही टाकली नाही. मुलाखतीत तुझी जीभ अडत होती, ती इंग्रजीमुळे नव्हे. तू या यंत्राच्या आत कधी गेलाच नव्हतास, मग आतलं काय सांगणार? उद्या सगळं यंत्र माझं आहे असं म्हणू नकोस. यातली एक चकती तुझी आहे. ती लहान आहे, पण तिच्याविषयी कोणी काहीही विचारू दे, तुला उत्तर ठाऊक आहे. तेवढ्याच जागेवर पाय रोवून उभा राहा. जागा पुढे वाढते."

श्रीशैलने मान हलवली. या वेळी तो चहा घेऊन गेला. पत्राचा विषय त्याने काढला नाही.

शनिवारी दुपारी प्राध्यापक फोनजवळच बसून होते. श्रीशैल स्वतःच आला.

"एक बाई होत्या सर, कारखान्याच्या मुख्य. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, मॅडम, प्रोजेक्ट गेल्या वर्षी विकत आणला आणि गेल्या आठवड्यात केला."

"अरे देवा! मग?"

"आधी हसल्या. मग मी यंत्र टेबलावर ठेवलं, खिशातून शेंगा काढल्या. त्यांनी स्वतः हँडल फिरवलं. दोन दाणे फुटले. म्हणाल्या, हे दोन का फुटले? मी म्हणालो, लहानमोठ्या शेंगा एकत्र टाकल्या म्हणून. आधी वेगळ्या करायला हव्यात. त्या म्हणाल्या, कोण करणार ते? मी म्हणालो, सांगाल तर मी करतो." त्याने खिशात उरलेल्या शेंगा टेबलावर ठेवल्या. "सोमवारपासून ये म्हणाल्या, सर. सहा महिने शिकाऊ, पण ये म्हणाल्या."

श्रीशैल त्या कारखान्यात टिकला आणि वाढला. पुढे नवी मुले त्याच्या हाताखाली येऊ लागली, तेव्हा तो प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक खोललेले यंत्र देई आणि त्यातला एक भाग काढून ठेवी. "आमच्या सरांनी माझी चकती मुद्दाम लपवली होती," असे तो त्यांना सांगे. दर दिवाळीला तो भेटायला आला, की प्राध्यापक कळवळून म्हणत, "अरे, ती हरवली होती रे!" आणि श्रीशैल दर दिवाळीला हसून मान डोलावी. प्राध्यापकांनाही मग शंका येई. आपणच ठेवली नसेल ना कुठेतरी?

सहा वर्षांनी आरामखुर्चीचे जुने कापड बदलायला काढले, तेव्हा तिच्या दांडीच्या खोबणीतून, धुळीच्या गोळ्याबरोबर, दुकानातली ती पितळी चकती घरंगळत बाहेर आली. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, कपाटातून आपले जुने व्हर्निअर काढले आणि तिची जाडी तीनदा मोजली. ती तिन्ही वेळा सहा मिलिमीटर भरली, म्हणजे नुसते कूट.