जस्ताच्या टेकडीचा सौदा

पूर्वी भोगवर्धन नगरीवर अरिंदम राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व एका व्यापारी कुळात जन्मले होते. नगराबाहेर त्यांच्या मालकीची एक उजाड टेकडी होती. तिच्या पोटात जस्त होते. पण तिथला दगड भट्टीत घातला की जस्ताचा पांढरा धूर होऊन उडून जाई.

त्याच नगरीत सोमिल नावाचा एक धनिक राहत असे. टेकडीचे चकाकणारे दगड पाहून ही चांदीचीच खाण, असे त्याने ठरवून टाकले.

"शंभर सुवर्णमुद्रा देतो," तो म्हणाला.

"अहो, ही चांदी नव्हे, जस्त आहे," बोधिसत्त्व म्हणाले.

"पाचशे!"

"त्याचा धूर होतो हो."

"हजार!"

बोधिसत्त्व जितके खरे सांगत, तितकी सोमिलाची खात्री पटे की हा भाव वाढवतो आहे. शेवटी तो राहते घरही द्यायला तयार झाला.

पडद्याआडून बोधिसत्त्वांची पत्नी वसुलता कुजबुजली, "देतोय तर घ्या की! तुम्ही कुठे खोटं बोललात?"

"खोटं बोललो नाही, पण त्याची बायकामुलं उघड्यावर येतील," ते म्हणाले. मग सोमिलाकडे वळून त्यांनी सांगितले, "टेकडी न्या. आज काही देऊ नका. धातू हाती आला, तर दहा भारांमागे एक भार मला द्या. नाही आला, तर काही देणं नाही."

'हा शुद्ध वेडा!' असे मनात म्हणत सोमिलाने राजासमोर वचन दिले.

महिन्याभराने तो परत आला. केस, भुवया, मिशा, सगळे धुराने पांढरेफटक! दारातूनच तो गरजला, "सगळा धूर झाला! तुम्हाला कवडीही मिळणार नाही. कसे फसलात!" मग आपल्यालाही काही मिळालेले नाही हे ध्यानात येऊन तो उंबऱ्यावरच बसला आणि रडू लागला.

बोधिसत्त्वांनी त्याला पाणी दिले आणि ते त्याच्याबरोबर टेकडीवर गेले. "धूर वरच्या वाटेने पळतो ना? मग ती वाटच बंद करू," ते म्हणाले. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी घडवून, त्यांत दगडाचा चुरा भरून त्यांनी त्या उलट्या बसवल्या, वरून विस्तव घातला, खाली गार भांडी ठेवली. पहिल्या मुशी तडकल्या. माती बदलली, तरी काही तडकल्याच. मग एका सकाळी भांड्यात जस्त ठिबकू लागले.

वाटा द्यायची वेळ आली, तेव्हा सोमिल रिकाम्या हाताने आला. "काय सांगू, पुन्हा सगळा धूरच!"

"मग मिशा काळ्या कशा?" पडद्याआडून वसुलतेने विचारले.

सोमिलाचा हात मिशीवर गेला. त्याची मान खाली गेली. "तुम्ही माझं घर राखलंत, आणि मी हा असा," एवढेच तो बोलला. दुपारी ठरलेला भार स्वतःच्या डोक्यावर घेऊन, वाटेत चारदा कण्हत, तो आला. पुढे त्याने वाटा कधी चुकवला नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, वाढपी वाढायच्या आधीच 'मला कमी मिळालं' म्हणणारा तुमच्यातला हा भिक्षू तेव्हा सोमिल होता. त्याला रोज हटकणारी उपासिका तेव्हा वसुलता होती, आणि टेकडीचा मालक मीच होतो."

खरे सांगूनही समोरच्याला पटले नाही, तरी त्याच्या भ्रमावर आपला लाभ न साधणे, हीच सत्यपारमिता, सत्याची पूर्णता.