आंबट दही

एका राज्यात, जिथे राजवाड्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत, तिथे एक राजकन्या सकाळपासून संतापलेली होती. नाव तिचं रेणुप्रभा. कमरेला पदर खोचून ती धक्क्यावर उभी होती, आणि तिच्या वाटेला जायची गलबतावरच्या उंदरांचीही छाती होत नव्हती.

संतापेल नाही तर काय करेल? तिचा थोरला भाऊ कुवलय परमुलूख पाहायला निघाला, तेव्हा राजा भद्रकेतूनं त्याला अडवलं होतं. "आमच्या कुळात खारं पाणी ओलांडत नाहीत," राजा म्हणाला. भाऊ म्हणाला, "मग मी जातो." आता त्या राज्यात निघणारा माणूस 'जातो' असं कधी म्हणत नसे, 'येतो' म्हणे, आणि निरोप देणारा त्याच्या हातावर दही घालून 'ये' म्हणे. राजानं दह्याची वाटी भिंतीवर भिरकावली आणि म्हणाला, "जा."

बंदराच्या तोंडाशी एक चेटकीण राही. असे शब्द धरणं हाच तिचा धंदा. तिनं दोन्ही शब्द जाळ्यात धरले आणि शाप दिला, की जाणारा पैलतीरी दगड होईल आणि या बंदरातला नांगर पुन्हा उठणार नाही. कुवलयचं गलबत तेवढं बाहेर पडलं, आणि मागे नांगर रुतले ते रुतलेच.

मग काही दिवसांपूर्वी एक कुरव पक्षी डोलकाठीवर येऊन बसला आणि बोलला, "राजकन्ये, तुझा भाऊ प्रवाळद्वीपाच्या काठी उभा आहे. दगड गळ्यापर्यंत चढला. पुनवेच्या ओहोटीला निघालीस तर वाचेल. पुढच्या ओहोटीला दगड तोंडात शिरेल."

"नांगर कसा उठेल?"

"तीन गोष्टी चढव. उकळत्या विहिरीतलं गार पाणी, राक्षसानं मडक्यात कोंडलेला वारा, आणि ज्यानं 'जा' म्हटलं त्याच्या हातचं दही."

राजकन्या उकळत्या विहिरीवर गेली. पायऱ्यांवर मगर आडवी पडली होती. राजकन्येनं तिच्याकडे असं पाहिलं, की मगर मुकाट्यानं बाजूला सरली. राक्षसाच्या दारात जाऊन ती एवढंच म्हणाली, "मडकं." राक्षसानं मडकं दिलं, वर झाकण नीट बसवून दिलं. रागाचेही काही उपयोग असतात.

उरलं दही. ते मात्र घरचं होतं, म्हणून अवघड होतं.

पुनवेचा दिवस उजाडला. शिडं चढली, दोर ताणून झाले, पाण्याची पिंपं बांधून झाली. आणि मग वरातीमागून घोडं यावं तसं राजवाड्यातून सामान येऊ लागलं. चांदीची पालखी आली. लोणच्याच्या बरण्या आल्या. गाद्या आल्या, गिरद्या आल्या, आणि गाद्यांमागून राजज्योतिषी आला. राजांचं हे असंच असतं. जे द्यायचं ते सोडून सगळं देतात.

"पालखी उतरवा," राजकन्या म्हणाली. "समुद्रात भोई कुठून आणू? बरण्या राहू द्या. ज्योतिषीबुवा, आपणही उतरावं."

शेवटी प्रधान आला. हात जोडून म्हणाला, "महाराजांचा निरोप आहे, हवं ते मागावं. दही मात्र मागू नये. राजाचा शब्द मागे फिरत नसतो."

"राजाचा शब्द माझ्या भावाच्या गळ्यापर्यंत आला आहे," राजकन्या म्हणाली. "तेवढं सांगा त्यांना."

प्रधान गेला, तो परतलाच नाही. पाणी चढायचं थांबलं. तांडेलानं नांगराचा दोर ओढून पाहिला; नांगर तसूभरही हलला नाही. कुरव म्हणाला, "आता ओहोटी लागेल."

राजकन्येनं वर पाहिलं. सज्जात राजा उभा होता, ताठ. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ तिकडे दगड होतोय आणि हा माणूस सज्जातून गंमत बघतोय! तिनं गलबताच्या फळीवर पाय ठेवला आणि ओरडली, "महाराज, मी जाते!"

चेटकिणीचं जाळं पाण्यातून वर आलं आणि शब्द घेऊन खाली गेलं. या वेळी शापानं पैलतीराचीही वाट पाहिली नाही; राजकन्येच्या पायाचे अंगठे तिथेच दगड झाले. मग घोटे झाले. तिनं पाऊल उचलून पाहिलं, उचललं नाही. मेलं माझं तोंड, ती मनात म्हणाली, बापावरच गेलंय.

तेव्हा राजा धावला. अनवाणी धावला. पायऱ्यांवर त्याचा मुकुट पडला, घरंगळत समुद्रात गेला, पण राजानं वळून पाहिलं नाही. त्याच्या हातात वाटी होती. त्यानं लेकीच्या तळहातावर दही घातलं.

"म्हण, येते."

राजकन्येनं दही तोंडात घातलं आणि तिचे डोळे बारीक झाले. दही आंबट ढाण होतं. आजचं नव्हतंच ते. कुरव आला त्या दिवसापासून म्हातारा वाटी घेऊन वर बसला होता, आणि तेवढ्या पायऱ्या काही उतरत नव्हता. हे कळून तिचा राग निवळला म्हणता? उलट वाढला.

"माझा राग गेलेला नाही, महाराज."

"माझाही नाही गेला," राजा म्हणाला. "राग राहू दे. पण तू ये, बाळ. त्यालाही सांग, बाबांनी 'ये' म्हटलंय."

दगड गुडघ्यापर्यंत आला होता. राजकन्येनं दात आवळले.

"येते, बाबा."

तिचे पाय मोकळे झाले. जाळं फाटलं आणि चेटकीण दुसरं बंदर शोधायला निघून गेली. नांगर आपणहून उठला, राजकन्येनं मडक्याचं झाकण काढलं आणि गलबत ओहोटीबरोबर बाहेर पडलं.

प्रवाळद्वीपाच्या काठी कुवलय हनुवटीपर्यंत दगड होऊन उभा होता. बहिणीनं विहिरीचं गार पाणी त्याच्या ओठांना लावलं आणि निरोप सांगितला. त्यानं ओठ ओले करून घेतले.

"बाबा अजून रागावलेत?"

"हो. आणि मीही. तुझ्यावरसुद्धा."

"मग येतो," भाऊ म्हणाला, आणि दगड तडकला.

दोघं परतली त्या संध्याकाळी राजा धक्क्यावर वाट पाहत होता, मुकुटाशिवाय. रात्रभर तिघं भांडली आणि पहाटे एका ताटात जेवली. राज्य पुन्हा सुरळीत चालू लागलं, गलबतं जाऊ-येऊ लागली. अजूनही म्हणे तिथे कुणी भांडून निघालं, तर उंबऱ्यापाशी थांबतं, पाठमोरंच उभं राहतं, पण 'येतो' म्हटल्यावाचून पाऊल बाहेर टाकत नाही.