हजार जागी उभी असलेली एक वेल

फार पूर्वी कुंतलपुरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कंदमुळं खणणाऱ्यांच्या घरी जन्म घेतला. त्याचं नाव सोमिल. वाडा नाही, गादी नाही. हातात खुरपं आणि पायाला चिखल. थोर माणसं अशाही घरी जन्मतात, हे लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही.

त्या मुलखातल्या रानात सातपानी नावाची वेल होती. तीन खोऱ्यांत तेवढी उगवायची, आणखी कुठे नाही. पावसाळ्यात नगरात ताप यायचा, तो फक्त तिच्या मुळीच्या काढ्याने उतरायचा. कुठल्या वेलीची मुळी मनगटाएवढी, कुठल्या वेलीची करंगळीएवढी. एखादी सरळ, एखादी वाकडी. सोमिलच्या लोकांत एक रीत होती. एका खोऱ्यातली मुलगी दुसऱ्या खोऱ्यात नांदायला निघाली की तिच्या ओटीत माहेरच्या वेलीचं बी घालायचं आणि सासरच्यांनी ते लावायचं. वेल कशीही निघो, सुनेची वेल कुणी उपटायची नाही.

राजाचा माळी उत्पलक. माणूस कामाचा, पण सगळं आपल्यालाच कळतं असं वाटणारा. त्याने रानातली सगळ्यात जाड मुळीची वेल हेरली, तिचे तुकडे केले आणि राजाच्या बागेत हजार वेली उभ्या केल्या. राजा खूश झाला. माळी म्हणाला, “महाराज, रानातल्या त्या मरतुकड्या वेली आता उपटून टाकू आणि तिथेही हीच लावू.”

राजाने सोमिलला बोलावलं. “खोरी दाखव. एक गाव इनाम देतो.”

सोमिल आधी बागेत फिरून आला. “उत्पलकदादा, तीन वर्षं झाली. फुलं येतात, पण एक तरी शेंग धरली का?”

“शेंग काय करायचीय? तुकडा लावला की वेल तयार!”

“शेंग धरायला दुसऱ्या वेलीचा पराग लागतो. इथं दुसरी वेल आहेच कुठे? महाराज, ह्या हजार वेली नाहीत. एकच वेल हजार जागी उभी आहे. हिला काही झालं की हजारांना होणार. मला गाव नको, रान तेवढं राहू द्या.”

राजाला राग आला. वाटेजवळची दोन खोरी माळ्याच्या माणसांनी स्वतःच शोधली, साफ खणून काढली आणि तिथल्या वेली मुळ्यांसकट फेकून दिल्या. तिसरं खोरं आत होतं, ते सोमिल दाखवीना. राजा म्हणाला, “मग तोंड उघडेपर्यंत बागेत पाणी वाहा.” सोमिल निमूट घागरी वाहू लागला. दुसरा कुणी असता तर घागर माळ्याच्या डोक्यात घातली असती.

त्या वर्षी पाऊस थांबेना. बागेतल्या एका वेलीचा बुंधा काळा पडला, आणि आठ दिवसांत हजारच्या हजार वेली सडून चिखल झाल्या. एकही सुटली नाही. सुटणार कशी? त्याच आठवड्यात नगरात ताप आला. उत्पलकाची मुलगी रेवा तापाने फणफणली.

उत्पलक येऊन सोमिलच्या पायाशी बसला. “शिव्या दे, पण मुळी दे.”

“शिव्या राहू देत. ऊठ, चल माझ्याबरोबर.”

तिसऱ्या खोऱ्यात सोमिलची बायको धन्निका वेलींची राखण करीत होती. माळ्याला पाहताच ती कडाडली, “या! दोन खोरी गिळून पोट भरलं नाही वाटतं? जेमतेम चाळीस वेली उरल्यात.”

“धन्निके, ताप ह्याच्या पोरीला आलाय,” सोमिल म्हणाला, “ह्याच्या शहाणपणाला नाही.”

धन्निकेने खुरपं उचललं. मग पहिली माती तिनेच उकरली. एकही वेल उपटायची नाही, प्रत्येकीची बाजूची एक मुळी कापायची आणि माती परत लोटायची, असं तिने बजावलं. चाळीस मुळ्या नगरात गेल्या. काढा पातळ झाला, पण घोटघोट सगळ्यांना पुरला. चौथ्या दिवशी रेवाने उठून पेज मागितली, आणि उत्पलक दाराआड जाऊन रडला.

तोवर ती सड तिसऱ्या खोऱ्यातही पोचली. जाड मुळीच्या वेली आधी गेल्या. एक, दोन, करता करता तेरा. सोमिल आणि धन्निका रोज एकेक बुंधा चाचपून बघत. पंधरवड्याने सड थांबली. सत्तावीस वेली उभ्या राहिल्या, बहुतेक वाकड्या आणि बारीक मुळीच्या. सुनांनी ओटीतून आणलेल्याही त्यांतच होत्या. उपटलेल्या दोन्ही खोऱ्यांच्या लेकी इथं सुखरूप नांदत होत्या! सोमिलने मोठा श्वास सोडला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

राजा चालत खोऱ्यात आला, चुकलो म्हणाला. उत्पलकाला त्याने सोमिलच्या हाताखाली दिलं. नानापरीच्या वेलींचं बी दोन्ही ओसाड खोऱ्यांत पेरलं गेलं. तिसऱ्या वर्षी उत्पलक धापा टाकीत आला, “धरली! शेंग धरली!”

“ओरडू नका, दृष्ट लावाल,” धन्निका म्हणाली, पण हसली.

विहारात ही कथा सांगून झाल्यावर शास्ते भगवान म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा उत्पलक म्हणजे आपली बाग राखणारा हा म्हातारा भिक्खू. राजा सुषेण म्हणजे आपल्याला हे वन दान देणारा गृहस्थ. धन्निका म्हणजे यशोधरा, आणि सोमिल मीच होतो. जाडजूड आणि सरळ असेल त्याला कुणीही जपतं. ज्याचा आज काही उपयोग दिसत नाही त्यालाही जगू देणं, ह्याचं नाव मैत्री. असा गुण पूर्णत्वाला नेणं ही पारमिता, आणि ती मी त्या जन्मी पुरी केली.”