गाडीत घातलेली राजधानी

"कोणीतरी आम्हाला फसवतंय!"

दरबारात पाऊल टाकताच राजा वज्रसेन गरजला. सात शहरांचा दौरा आटोपून तो आदल्या दिवशीच केतकीनगरला परतला होता.

"म्हणे आमच्या खंडात गावागणिक भाषा वेगळी, पेहराव वेगळा, कालवणाची चव वेगळी! आम्ही तर सात शहरं पाहिली आणि सातही सारखी! तोच साखरभात, तेच गालिचे, तीच सनई. आम्हाला एकाच गावाभोवती सात वेळा फिरवून आणलंय!"

कोणीतरी म्हणजे कोण? जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. नजरा फिरत फिरत खांबाआड उभ्या असलेल्या तात्याबा गाडीवानावर येऊन थांबल्या. वाट त्यानेच दाखवली होती ना!

"देवाशपथ, सरकार!" तात्याबा हात जोडून म्हणाला. "घाट चढताना चाकं मोडली माझी. गावाभोवती फिरून मोडतील होय?"

"मग आता नीट निवड! आम्हाला तीन शहरं सांग. पण त्या तिन्हींत एकही गोष्ट सारखी असता कामा नये. सापडली, तर तुझे बैल सरकारजमा!"

तात्याबाच्या तोंडचं पाणी पळालं. तांब्या आणि कवड्या, ही त्याची खिल्लारी जोडी. वासरं होती तेव्हापासून त्याच्या लेकीने, भिवराने, त्यांना हाताने चारा भरवला होता. तीही बापामागेच उभी होती. दौऱ्यात दर मुक्कामी वैरण आणायला शहरात तीच तर जायची! सात शहरं सारखी? हे ऐकून तिला आधी हसू आलं आणि बैलांचं नाव निघताच ते विरून गेलं.

"भिवरे, गप राहा," बाप कुजबुजला.

भिवराने पदर खोचला. "अट मान्य, महाराज! तिन्हीकडे सारखं काही नको. शब्द पक्का ना?"

"राजाचा शब्द आहे, पोरी!"

"मग समुद्रकाठचं लवणपट्टण, वाळवंटातलं वालुकापूर आणि बर्फातलं हिमकोट."

"वा गं शहाणे! तिथूनच तर आलो आम्ही! तिन्हीकडे साखरभातच होता!"

"तो रांधला कुणी?"

मुदपाकखान्याचे मुख्य आचारी बल्लाळभट दचकून पुढे आले. "मीच, महाराज. तांदूळ आपल्या कोठारातला, पाणीही आपल्याच विहिरीचं. रिवाजच आहे तसा. आमचा ताफा एक दिवस आधी पोचतो, वेशीबाहेर तंबू ठोकतो आणि चुली मांडतो."

"आणि गालिचे? सनईवाले?"

"तेही आपलेच," कोणीतरी पुटपुटलं.

"ऐकलंत, महाराज? शहरं खरंच सात होती. आपणच केतकीनगरातून हलला नाहीत! अख्खी राजधानी गाड्यांत घालून माझ्या बैलांनी ओढली आणि वर चोरही तेच ठरले!"

दरबारात खसखस पिकली. राजाने मिशीवर हात फिरवला, पण हरणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "बरं, मग?"

"मग आपल्याच अटीप्रमाणे जे तिन्हीकडे सारखं दिसेल, ते घरी ठेवायचं. चुली इथेच, तंबू इथेच, सनई इथेच. प्रधानजीसुद्धा इथेच!"

प्रधानजींचं नाक लाल झालं. "आणि कावळे? ते तर तिन्हीकडे असणारच! त्यांनाही घरी ठेवणार का?"

"लवणपट्टणचा कावळा मासळी पळवतो, वालुकापूरचा खजूर पळवतो. दोघांचं एकमेकांशी जमायचंही नाही! खोटं वाटत असेल तर दोघांना एका फांदीवर बसवून दाखवा, प्रधानजी. बैल खुशाल न्या!"

तेवढ्यात राजाने टाळी वाजवली. "सापडलीस! एक गोष्ट तिन्हीकडे सारखीच असणार. आम्ही स्वतः!"

तात्याबाने डोळे मिटले. भिवरानेही क्षणभर ओठ चावला.

"तसं कसं, महाराज? लवणपट्टणात होडीत बसाल आणि आईचं नाव घ्याल. वालुकापुरात उंटावरून पडाल, मग उंटालाच 'अहो' म्हणाल. हिमकोटात एखाद्या म्हातारीच्या घोंगडीत शिरून तिच्या हातचं गरम सार मागून मागून प्याल. परत आलात की राणीसाहेबांना विचारू. 'गेलात तस्सेच आलात' असं त्या म्हणाल्या, तर दोन्ही बैल आपले!"

पडद्याआडून राणीसाहेबांचं हसू फुटलं. ते ऐकून राजाही हसू लागला. इतका हसला, की मुकुट कानावर आला.

"हरलो, पोरी! तांब्या-कवड्याला चांदीच्या घुंगूरमाळा घाला! नदीकाठचं कुरण आजपासून तात्याबाचं! आणि उद्या गाडी एकच निघेल. वाट भिवरा दाखवेल."

सगळीकडे वाहवा झाली. बल्लाळभट मात्र जागचे हलेनात. हातातला झारा त्यांनी हळूच पाठीमागे लपवला.

"महाराज, मीही येऊ का? झारा नाही आणत. अख्खं खंड फिरलो, पण चुलीच्या धुरापलीकडचं एकही शहर अजून बघितलं नाही!"