फाटकावरचा केरबा

एका गावात एक कॉलेज होतं आणि त्या कॉलेजला एक फाटक होतं. ही गोष्ट सगळी त्या फाटकापाशीच घडली, त्यामुळे आत काय शिकवत होते ते आम्हाला विचारू नका.

फाटकावर केरबा नावाचा तरुण पहारेकरी होता. सकाळी तो याच कॉलेजात शिकायला बसायचा आणि दुपारपासून खाकी टोपी घालून याच कॉलेजची राखण करायचा. पगारातून फी भरायची आणि पदवी पदरात पाडून घ्यायची, असा त्याचा सरळ बेत होता. घरात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. त्याच्या आईला तर तो आत्तापासूनच साहेब झाल्यासारखा वाटायचा. पोरगा गुणी होता, यात वाद नाही. फक्त टोपी डोक्यावर चढली की त्याचा आवाज बदलायचा. सकाळी ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली, त्यालाच दुपारी तो "कोण आपण?" असं विचारायचा.

वार्षिक परीक्षा आली. प्राचार्य ढवळे यांनी हुकूम काढला : फीची पावती दाखवल्याशिवाय कोणालाही परीक्षेला आत सोडायचं नाही. केरबानं फाटकावर उभं राहून पावत्या तपासायच्या, घंटा झाली की कुलूप लावायचं आणि मग स्वतः पेपरला बसायचं.

एवढी मोठी जबाबदारी मिळाली म्हणून केरबाला हुरूप आला. मग एकदम आठवलं, की आपलीच फी भरायची राहिली आहे. पगारच झालेला नव्हता. तो धावत हेडक्लार्क काणेकरांकडे गेला.

"साहेब, पगार कधी होणार?"

"मुलांची फी जमा झाली की."

"पण माझी फी मी पगार झाल्यावर भरणार हाय."

"मग भरून टाक ना लवकर! तुझ्यासारख्यांमुळेच तर पगार अडलेत."

केरबा मान डोलावून बाहेर आला. पायऱ्या उतरताना त्याला वाटलं, काणेकर बोलले ते बरोबर आहे. फाटकापाशी पोचेपर्यंत वाटलं, यात काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते मात्र सापडेना. जेवताना त्यानं आईला सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. तीही गोंधळली आणि तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली. शेवटी केरबानं विचार करायचंच सोडलं. पावत्या तपासणारे आपणच, मग आपली पावती कोण बघणार, असं म्हणून तो निर्धास्त झाला.

परीक्षेच्या दिवशी तो फाटकावर ताठ उभा राहिला. पावती असेल तो आत, नसेल तो बाजूला. अडवलेली चार-दोन मुलं समोरच्या चिंचेखाली तोंड पाडून उभी राहिली. तेवढ्यात नजमा आली. ती शिंप्याच्या दुकानात ब्लाउज शिवून शिकत होती.

"पावती?" केरबानं विचारलं.

"न्हाई केरबादादा. मालक सण झाल्यावर पैसे देणारेत. सोडा की, माझं वर्ष जाईल."

"नियम म्हंजे नियम."

नजमानं वाद घातला नाही. वळता वळता तिनं सहज विचारलं, "तुमचा झाला व्हय पगार?"

ती चिंचेखाली जाऊन उभी राहिली आणि इकडे केरबाच्या डोक्याचा पार भुगा झाला. या टोपीला आत जायची परवानगी होती, टोपीखालच्या माणसाला नव्हती. त्यानं टोपी काढून बघितली, घालून बघितली, काहीच फरक पडला नाही. आपण आत गेलो, तर नजमाला अडवलं ते खोटं ठरतं. नजमाला सोडलं, तर नोकरी जाते. नोकरी गेली की फी गेली आणि फी गेली की कॉलेज गेलं. आणि आत्ता बाहेर राहिलो तर वर्ष बुडतं ते बुडतंच. आईला काय सांगायचं? त्याला रडूच यायला लागलं.

घंटा झाली. केरबा बाहेर आला, फाटक ओढून घेतलं, बाहेरून कुलूप घातलं आणि चिंचेखाली नजमाच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

पेपर वाटून झाले तरी केरबा दिसेना, म्हणून प्राचार्य स्वतः फाटकापाशी आले. गजांतून बघतात तर पहारेकरी बाहेर!

"केरबा, पेपर सुरू झाला. तू तिथे काय करतोयस?"

"साहेब, माझ्याकडं पावती न्हाई."

"अरे, पण तुला अडवलं कोणी?"

"फाटकावरच्या माणसानं."

"फाटकावरचा माणूस तूच ना?"

"व्हय साहेब. म्हणून तर त्याला फसवता आलं न्हाई."

प्राचार्यांना हसावं की रागवावं कळेना. "फी का नाही भरलीस?"

"पगार झाला न्हाई."

"पगार का नाही झाला?"

"फी जमली न्हाई म्हणून."

"कोणाची?"

"माझी," केरबा म्हणाला, आणि ते ऐकून तो स्वतःच पुन्हा गोंधळला.

प्राचार्यांनी फी, पगार, पगार, फी असं दोनदा पुटपुटून पाहिलं. दोन्ही वेळा ते फिरून स्वतःपाशीच येऊन थांबले. त्यांचा चेहरा उतरला. "बरं, तू आत ये," ते हळूच म्हणाले. "तुझं वेगळं आहे."

केरबाची किल्ली कुलपापर्यंत गेली. तिथे ती थांबली. आत जायची इच्छा त्याला काय कमी होती? पण त्यानं मागे वळून चिंचेकडे पाहिलं.

"वेगळं कसं, साहेब? नजमाचा मालक सण झाल्यावर पैसे देणार, माझा मालक फी जमल्यावर. आम्ही दोघंबी काम करून बसलोय."

'माझा मालक' हा शब्द प्राचार्यांना चांगलाच लागला. त्यांनी गजांतून चिंचेखालच्या मुलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "सगळ्यांनाच घे आत. पळा, वेळ जातोय."

पेपरला उशीर झाला. केरबाला शेवटचा प्रश्न सोडवता आला नाही, तरी तो पास झाला. प्राचार्यांनी तो हुकूम मागे घेतला आणि त्याच आठवड्यात पगार करायला सांगितलं. काणेकरांनी कपाटातून नोटा काढून केरबाला पगार दिला. केरबानं तिथल्या तिथे फी भरली आणि काणेकरांनी त्याच नोटा त्याच कपाटात ठेवल्या. कॉलेजनं आपल्याला पैसे दिले की आपण कॉलेजला, हे केरबाला अजून नीट कळलेलं नाही. काणेकरांनाही कळलेलं नाही. नजमानं मात्र सण झाल्यावर, कोणी मागायच्या आत, आपली फी आणून भरली.

तात्पर्य : दुसऱ्याला अडवणारा नियम आधी स्वतःला लावून पाहावा, तो न्यायाचा आहे की नाही, ते तिथेच कळतं.