मुंगीने मोजलेली सावली

माणसांना सण ठाऊक नव्हते, तेव्हाची गोष्ट.

दिवस रोज आखूड होत होता. "सूर्य चालला आपल्याला सोडून, आपणही निघू या!" म्हणत सशाने गाठोडं बांधलं. चिमी मुंगी मात्र रोज भर दुपारी उभ्या दगडाच्या सावलीच्या टोकाशी एक तीळ ठेवायची. सावली लांबत होती, तिळांची रांगही लांबत होती.

"खायचे तीळ मातीत घालतेस? खुळी कुठली!" कावळा हसला.

एके दुपारी चिमी ओरडली, "ससेदादा, थांबा! सावली आज कालच्या तिळापर्यंत पोचलीच नाही!"

"कितीने कमी पडली?"

"तिळाएवढी."

"एवढीशीच?"

"एवढीशीच. पण सूर्य माघारी फिरला ना!"

सशाने गाठोडं सोडून गूळ काढला, चिमीने तिळांचा सगळा साठा. पहिला लाडू तिने कावळ्यापुढे ढकलला.

"घ्या कावळोबा. आता तरी गोड बोला!"