गौराक्काच्या वाटणीचं शेत

"शून्य पूर्णांक नऊ, नऊ, नऊ, नऊ... पुढं नऊच नऊ, कधी न संपणारे! ही संख्या बरोब्बर एकाएवढी, की एकाहून जरा कमी?"

हा प्रश्न 'विज्ञान दरबार' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला आणि शिरसगडात घरोघरी ताटातलं जेवण गार होऊ लागलं.

ग्रुपचे अ‍ॅडमिन होते शिरसगडचे रणधीरराजे सरकार. संस्थान आजोबांच्या काळातच विलीन झालेलं. राज्य करायला उरला होता तो हा ग्रुप, म्हणून सरकार तो तलवारीच्या धाकानं चालवीत. त्यांनी निकाल दिला, "जरा कमी! काहीतरी उरतंच. विषय संपला!"

विषय संपतो कसला! दंतवैद्य शेवडे, दाढा उपटता उपटता जगाचं गणित सुधारणारे गृहस्थ, कडाडले, "एकच! अगदी समान!" निवृत्त तलाठी मुळीकअण्णांनी मत मांडलं, "आमच्या वेळी नऊ एवढे लांब नसायचे." कुणी हे प्राचीन ऋषींना ठाऊक होतं म्हणून सांगितलं, तर कुणी मध्येच गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ टाकली. पुरावा कुणीच कुणाकडे मागितला नाही, त्यामुळे चर्चा फारच रंगली. 'समान' म्हणणाऱ्या प्रत्येकाला सरकार ग्रुपमधून काढून टाकत आणि मग भांडायला माणूस उरत नाही म्हणून संध्याकाळी परत घेत.

राजवाड्याच्या स्वयंपाकघरात गौराक्का भाकरी थापता थापता हे सगळं वाचायची. तिलाही सरकारांनीच ग्रुपमध्ये घेतलं होतं, सभासदांचा आकडा भारदस्त दिसावा म्हणून. त्या दिवशी सरकारांनी लिहिलं, "गणित बहुमतानं चालत नाही, हुकमानं चालतं!" आणि गौराक्काच्या बोटानं त्याखाली एक हसणारा चेहरा उमटला. चुकून की मुद्दाम, ते हाताला लागलेलं पीठच जाणे!

लगेच दिवाणखान्यात बोलावणं आलं.

"हसू आलं तुला?" सरकार गरजले. "मग आता तूच हा वाद मिटव! कागद नाही, सूत्र नाही, पुस्तकाचा दाखला नाही. आणि ती संख्या एकच आहे असं तुझं म्हणणं असेल, तर ते माझ्या तोंडून वदवून घे. उद्या सूर्य मावळेपर्यंत जमलं नाही तर लाटणं ठेवायचं आणि घरी जायचं!"

घरी जायचं म्हणजे कुठं? स्वयंपाकघरामागची खोली हेच गौराक्काचं घर. त्या दुपारी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि सरकारांनी ती मुकाट्यानं खाल्ली, कारण फोनमधून त्यांचं डोकं वर आलंच नाही.

भांडी घासून झाल्यावर गौराक्कानं ग्रुपवर लिहिलं, "सरकारांचंच खरं. एकाहून जरा कमीच."

शेवड्यांनी रडणारे चेहरे धाडले. सरकार खूश झाले. "शाबास! बोल, काय हवं?"

"जास्त काही नको, सरकार. तळ्याकाठच्या तुमच्या शेताचे वाटे करू. शून्य पूर्णांक न संपणारे नऊ, एवढा हिस्सा तुम्ही ठेवा. उरेल तेवढं मला द्या."

"दिलं! सगळ्यांसमक्ष दिलं! शिरसगडचा शब्द आहे!"

सकाळी अख्खा विज्ञान दरबार शेतावर हजर झाला. ग्रुपवर एकमेकांची अक्कल काढणारी माणसं समोरासमोर "या, या, चहा झाला का?" करत होती.

सरकारांनी ऐटीत खुंटी ठोकली. "घे, हा एक गुंठा तुझा!"

"छे छे, सरकार! शेत ऐंशी गुंठ्यांचं. त्यातला एक मी घेतला तर तुमच्याकडे शंभरातले नव्व्याण्णवसुद्धा राहत नाहीत. तुमचे तर नऊच नऊ आहेत!"

"जास्त झालं! जास्त झालं!" शेवडे ओरडले. मुळीकअण्णांनीही मान डोलावली. विज्ञान दरबारात प्रथमच दोन माणसांचं एकमत झालं होतं.

"बरं, मग ही वीतभर जमीन!"

"तुमचे नऊ तेवढ्यात संपले, सरकार? आणखी पुढं गेले की वीतही जास्तच होते."

"जास्त झालं!" आता सगळेच ओरडले.

सरकारांनी चिमूटभर माती उचलली. जास्त! मातीचा एक कण नखावर घेतला. तोही जास्त! कपाळावरचा घाम पुसत ते ओरडले, "अगं, कणाचा कण केला तरी जास्तच म्हणशील! नऊ थांबतच नाहीत, तर तुला देऊ काय?"

"शब्द दिलाय, सरकार. माझ्या वाट्याला काय उरतं, ते तुम्हीच सांगा."

"काही म्हणजे काही उरत नाही! शून्य!"

"हरकत नाही," गौराक्का शांतपणे म्हणाली. "आणि नवांच्या हिशेबानं तुमच्या वाट्याला काय आलं?"

"अख्खं शेत!"

"अख्खं म्हणजे किती, सरकार?"

"अख्खं म्हणजे एक! पूर्ण एक! एवढंही कळत नाही?"

शेवड्यांच्या तोंडाचा आ झाला आणि तो मिटेना. सरकारांना आपण काय बोलून बसलो ते जरा उशिरानं समजलं. आधी त्यांच्या मिशा थरथरल्या, मग खांदे गदगदले आणि मग ते असे हसले, असे हसले की पोट धरून बांधावरच बसले!

"फसवलंस गं, गौराक्का! माझ्याच शेतात, माझ्याच तोंडानं!" डोळे पुसत ते उठले. "तुझं स्वयंपाकघर तुझंच. आणि त्या विहिरीपासून या बांधापर्यंतचा तुकडा आजपासून तुझा. दहा गुंठे!"

"अख्खे दहा ना, सरकार?"

"अख्खे!" सरकार पुन्हा खदखदले. "पुढं टिंब नाही न् नऊ नाही!"